कुलूप एका पेटीला, ऐवज दुसऱ्या पेटीत

मार्च २००४ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडा या देशात सार्वत्रिक निवडणूक झाली. बार्बुडा बेटाला संसदेत एकच जागा आहे. तिथली मोजणी संपली तेव्हा आघाडीच्या दोन्ही उमेदवारांना बरोब्बर ४०० मतं पडलेली होती. पुढच्या महिन्यात पुन्हा मतदान घ्यावं लागलं. आपल्याकडे एखाद्या वॉर्डात अशी बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकतात, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते आणि विषय संपतो. बार्बुडात हे ४०० विरुद्ध ४०० म्हणजे जवळपास अख्खं बेट होतं.

आपल्याला हा देश माहीत असतो तो व्हिव्ह रिचर्ड्समुळे. अलीकडे आणखी एका कारणानं माहीत झाला: बँक घोटाळ्यातला एक आरोपी हिरेव्यापारी गुंतवणुकीच्या योजनेतून तिथला नागरिक झाला म्हणून. समुद्रकिनारे, क्रिकेट आणि विकत मिळणारा पासपोर्ट यांच्यापलीकडे या देशात काही वाद घालण्याजोगं असेल असं वाटत नाही. आहे मात्र. स्थानिक स्वराज्य नेमकं कशासाठी लागतं, या आपल्याकडे फारसा कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला या देशाइतकं सोयीचं ठिकाण नाही. कारण त्याच्या एका बेटावर स्थानिक स्वराज्य अजिबात नाही, आणि दुसऱ्या बेटावर ते थेट संविधानात लिहिलेलं आहे.

अँटिग्वा हे मोठं बेट. मोठं म्हणजे २८० चौरस किलोमीटर, लोकसंख्या एक लाखाच्या अलीकडे. त्याचे सहा पॅरिश आहेत: सेंट जॉन, सेंट जॉर्ज, सेंट मेरी, सेंट पॉल, सेंट पीटर, सेंट फिलिप. नकाशावर सीमारेषा आहेत, पत्त्यात नाव लिहितात. पण पॅरिशला ना सभा, ना सभासद, ना तिजोरी. इंग्रजी अमदानीत चर्चच्या हद्दी हाच कारभाराचा पाया होता, त्याचे हे अवशेष. राजधानी सेंट जॉन्सलासुद्धा लोकांनी निवडलेला महापौर नाही. गटार तुंबलं, दिवा गेला, रस्ता खचला, तर माणूस आपल्या खासदाराकडे जातो, आणि खासदार बहुधा मंत्रीच असतो. कनिष्ठ सभागृहात निवडून आलेले सतरा जण, त्यांतले बहुतेक सत्तारूढ पक्षाचे. देशाचा मंत्री आणि गल्लीचा नगरसेवक एकाच सदऱ्यात.

याच्या बाजूनं जे बोललं जातं ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सहा हजार माणसांमागे एक खासदार असेल तर मध्ये आणखी एक पायरी कशाला? सगळे सगळ्यांना ओळखतात. पंतप्रधान बाजारात दिसतो. परिषदा काढल्या की कारकून आले, कार्यालयं आली, गाड्या आल्या, आणि एवढ्याशा करदात्यांच्या माथी तो खर्च. कॅरिबियनमधल्या लहान देशांनी एकामागून एक हाच हिशोब मांडला. बार्बाडोसनं १९६० च्या दशकात आपल्या स्थानिक परिषदा गुंडाळल्या आणि कामं केंद्राच्या खात्यांकडे घेतली. ग्रेनाडात आज निवडून आलेली स्थानिक परिषद नाही. सेंट व्हिन्सेंटमध्ये आणि सेंट लुशियात मंडळं उरली, पण माणसं नेमलेली. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबई महापालिका प्रशासकाच्या हाती होती, त्यामुळे ‘मंडळ आहे, निवडणूक नाही’ या स्थितीचं आपल्याला नवल वाटायला नको. फरक एवढाच की तिकडे हे काही दशकं चाललं आणि लोकांना त्याची सवय झाली.

या रांगेत डोमिनिका वेगळा. डोंगराळ देश, पुढच्या खोऱ्यात जायला वळणावळणाचा रस्ता, आणि खेड्याखेड्यात निवडलेली ग्रामपरिषद. त्यावरून कुणी म्हणेल, की जिथे भूगोल अवघड तिथे स्थानिक स्वराज्य लागतं, जिथे सपाट तिथे नाही. मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. बार्बुडाची गोष्ट नीट वाचल्यावर ते मत सोडावं लागलं.

बार्बुडा अँटिग्वाच्या उत्तरेला, सुमारे ५० किलोमीटरवर. सपाट, चुनखडीचं, सर्वांत उंच जागाही चाळीस मीटरच्या आत. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अँटिग्वाच्या निम्म्याहून जास्त. माणसं मात्र सोळाशे-अठराशे, आणि गाव एकच: कॉड्रिंग्टन. त्या नावातच बेटाचा इतिहास आहे. १६८५ पासून १८७० पर्यंत हे सबंध बेट कॉड्रिंग्टन नावाच्या एका इंग्रज कुटुंबाकडे राजाकडून भाडेपट्ट्यानं होतं. भाडं काय, तर मागणी झालीच तर वर्षाला एक लठ्ठ मेंढी. अँटिग्वात या कुटुंबाचे उसाचे मळे होते. बार्बुडाची माती पातळ, ऊस धरेना. म्हणून इथे त्यांनी गुरं पाळली, लाकूड तोडलं, अन्नधान्य पिकवून मळ्यांकडे धाडलं, आणि भोवतालच्या खडकांवर फुटणाऱ्या जहाजांचा माल गोळा केला. ही सगळी कामं केली आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी. मालक बेटावर राहत नसे. एखाददुसरा गोरा व्यवस्थापक, बाकी सगळे गुलाम. उसाच्या मळ्यावरची पहाटेची घंटा आणि मुकादमाचा आसूड यांच्या मानानं इथलं जगणं थोडं सैल होतं. लोक स्वतःपुरती शेती करत, शिकार करत, मासे धरत.

१ ऑगस्ट १८३४ ला गुलामी संपली. अँटिग्वात सुटलेल्या माणसाला जमीन नव्हती, त्यामुळे त्याला पुन्हा मळ्यावरच मजुरीला जावं लागलं. बार्बुडात जमीन समोर पसरलेली होती आणि तिच्यावर वावरायची सवय पिढ्यांची होती. लोक राहिले, कसत राहिले. कुणी वाटण्या केल्या नाहीत, कुणी उतारे काढले नाहीत. घर गावात, आणि गावाबाहेरच्या रानात जिथे जागा मिळेल तिथे तात्पुरतं कुंपण घालून शेत. माती थकली की कुंपण उचलायचं आणि पुढे सरकायचं. बाकीच्या रानात सगळ्यांची गुरं मोकळी. गायरान हा आपला शब्द इथे अर्धाच लागू पडतो, कारण आपलं गायरान हा गावचा एक तुकडा असतो. तिथे तुकडा होता गावठाणाचा, बाकी सगळं बेट गायरान.

सरकार मात्र निराळी वही लिहीत होतं. १८६० मध्ये बार्बुडा अँटिग्वाला जोडलं गेलं. विचारलं कुणी नाही. कॉड्रिंग्टन गेल्यावर दुसरे भाडेकरू आले, तेही टिकले नाहीत, आणि बेट राजसत्तेच्या ताब्यात आलं. १९०४ च्या अध्यादेशानं ठरवलं की जमीन राजाची आणि रहिवासी हे राजाचे भाडेकरू. बेटाचा कारभार वॉर्डन नावाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. त्याच्या परवानगीनं घर बांधायचं, त्याच्या वहीत नाव लावायचं. हा वॉर्डन पाऊणशे वर्षं टिकला. म्हणजे जमीन आपली सगळ्यांची असं लोक मानत होते, जमीन सरकारची असं कागद सांगत होता, आणि बेट इतकं आडबाजूला की दोन्ही समजुती एकमेकींना धक्का न लावता शेजारी शेजारी नांदल्या. जमिनीला बाजारभाव नव्हता तोवर हे चाललं.

१९७० च्या दशकात अँटिग्वा स्वातंत्र्याच्या वाटेला लागला तेव्हा बार्बुडात अस्वस्थता वाढली. लंडनहून येणारा हुकूम निदान दुरून येत होता, आता तो सेंट जॉन्सहून येणार. १९७६ मध्ये बार्बुडा स्थानिक शासन कायदा झाला, वॉर्डन गेला आणि बार्बुडा परिषद आली. १९८० च्या डिसेंबरात लंडनला लँकेस्टर हाऊसमध्ये स्वातंत्र्याची बोलणी झाली. तिथे बार्बुडाच्या प्रतिनिधींनी ‘आम्हाला अँटिग्वाबरोबर नको’ असं सांगून पाहिलं. ते कुणी मानलं नाही, पण हात हलवत परतही पाठवलं नाही. १ नोव्हेंबर १९८१ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या संविधानात १२३ वं कलम होतं: बार्बुडासाठी एक परिषद असेल आणि ती त्या बेटावरच्या स्थानिक शासनाची मुख्य संस्था असेल.

त्याच कलमात एक कुलूपही आहे. १९७६ च्या कायद्यात बदल करायचा तर दोन्ही सभागृहांची मंजुरी पुरत नाही. विधेयक परिषदेकडे पाठवावं लागतं आणि परिषदेनं ठराव करून संमती दिली तरच ते मंजूर धरलं जातं. आपली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली १९९२ मध्ये. तिनं पंचायती आणि नगरपालिका संविधानात आणल्या, पण राज्याच्या कायद्यावर ग्रामपंचायतीला नकाराचा अधिकार दिला नाही. सोळाशे माणसांच्या परिषदेला देशाच्या संसदेला ‘नाही’ म्हणता येतं, हे कागदावर तरी फार मोठं आहे.

परिषदेची रचना साधी. नऊ निवडलेले सदस्य, शिवाय बेटाचा खासदार आणि सिनेटर, असे अकरा. मुदत चार वर्षांची, पण दर दोन वर्षांनी सुमारे निम्म्या जागांची निवडणूक. महाराष्ट्रात दीड ते तीन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीलाही नऊच सदस्य असतात. मात्र कामाची यादी पाहिली तर ग्रामपंचायत बाजूला राहते. शेती आणि वनं, सार्वजनिक आरोग्य, दवाखाना, पाणी, वीज, रस्ते, सगळं परिषदेकडे. कर आणि शुल्क लावायचा अधिकारही. वरच्या सभागृहात एक सिनेटर परिषदेच्या सल्ल्यानं नेमला जातो. एकाच संस्थेत ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि थोडं राज्य सरकारही.

मग इतकी भक्कम परिषद असताना बार्बुडाचे लोक गेली आठ-दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या का चढताहेत? कारण कुलूप परिषदेला लावलं, आणि ऐवज होता जमिनीत.

जमिनीचा कायदा झाला तो २००७ मध्ये. सेंट जॉन्समध्ये तेव्हा बार्बुडाच्या खासदाराला बरोबर घेतलेलं सरकार होतं. या कायद्यानं शतकभराची तोंडी समजूत प्रथमच कायद्याच्या भाषेत आणली. बार्बुडाची सगळी जमीन बार्बुडाच्या लोकांची सामायिक, ती विकता येणार नाही. प्रत्येक बार्बुडावासीला घरासाठी, शेतीसाठी, व्यवसायासाठी जागा मागता येईल. बार्बुडावासी कोण, तेही आजीआजोबांच्या जन्मापर्यंत मागे जाऊन ठरवलं. आणि ५४ लाख पूर्व कॅरिबियन डॉलरहून मोठा प्रकल्प आणायचा तर बेटावरच्या लोकांच्या बहुमताची संमती लागेल. वाचताना माझ्या मनात आलं, की ग्रामसभेबद्दल आपण भाषणांत जे जे बोलतो ते यांनी कायद्यात उतरवलं.

पण हा होता साधा कायदा. १२३ व्या कलमाचं कुलूप १९७६ च्या स्थानिक शासन कायद्याला होतं, २००७ च्या जमीन कायद्याला नव्हतं. सतरापैकी सोळा जागा अँटिग्वाच्या असलेल्या सभागृहात तो साध्या बहुमतानं झाला, आणि साध्या बहुमतानं जाऊ शकत होता.

गेलाही तसाच, पायरीपायरीनं. २०१४ मध्ये सरकार बदललं. बार्बुडात एक बंद पडलेलं आलिशान हॉटेल होतं, जिथे एकेकाळी राजकन्या डायना सुट्टीला यायची. ती जागा आणि आजूबाजूची शेकडो एकर जमीन घेऊन नवं रिसॉर्ट उभारायची योजना आली, गुंतवणूकदारांत हॉलिवुडचा अभिनेता रॉबर्ट डी निरो. गावात सभा झाली, मतं घेतली गेली, बाजूची मतं जास्त निघाली. मत द्यायला कोण पात्र होतं आणि मोजणी कशी झाली यावर लगेच तंटा उभा राहिला. तो मिटण्याआधीच २०१५ मध्ये संसदेनं त्या एका प्रकल्पासाठी स्वतंत्र कायदा करून टाकला. भाडेपट्टा १९८ वर्षांचा. इथे मला एक गोष्ट खुपते. गावकऱ्यांचं मत सरकारच्या बाजूनंच पडलं होतं. ती प्रक्रिया थोडा वेळ देऊन नीट पूर्ण केली असती तर कदाचित संमती खरोखरच मिळाली असती. पण संमती मिळवण्यापेक्षा संमतीची गरजच काढून टाकणं सोपं वाटलं.

मग आलं वादळ. ५ आणि ६ सप्टेंबर २०१७ च्या मधल्या रात्री इर्मा बार्बुडावरून गेलं, ताशी सुमारे २८५ किलोमीटर वेगाचे वारे घेऊन. एक लहान मूल दगावलं, बहुतेक घरं मोडली. मागोमाग होसे नावाचं दुसरं वादळ येत होतं म्हणून सगळ्या माणसांना अँटिग्वात हलवलं. काहींची सोय झाली सर व्हिव्हियन रिचर्ड्स स्टेडियमवर. सुमारे तीनशे वर्षांत प्रथमच बार्बुडावर माणूस उरला नाही, फक्त गुरं, कुत्री आणि खाजणावरचे फ्रिगेट पक्षी.

रिकाम्या बेटाकडे सेंट जॉन्समधून पाहताना पंतप्रधान गॅस्टन ब्राऊन यांना जे सुचलं ते असं: प्रत्येक रहिवाशाला एका डॉलरला त्याच्या घरजागेची पक्की मालकी द्यावी, म्हणजे त्याला जमीन तारण ठेवून कर्ज काढता येईल, घर बांधता येईल. सामायिक मालकी ही दंतकथा आहे आणि जमीन राजसत्तेचीच आहे, हे तर त्यांचं जुनं म्हणणं. २०१७ संपत असताना जमीन कायद्यात दुरुस्ती आली आणि २०१८ मध्ये तो कायदाच मोडीत निघाला. त्या काळात कितीतरी बार्बुडावासी अजून अँटिग्वात आश्रयाला होते. ज्यांची ग्रामसभा भरायची त्यांचं गावच जागेवर नव्हतं.

तारणाचा मुद्दा खोटा नाही हे मान्य करायला हवं. सातबारा नसलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. वादळात घर गेलेल्या माणसाला सामायिक मालकीचं तत्त्वज्ञान छपरासारखं डोक्यावर घेता येत नाही. आणि अँटिग्वातल्या माणसाचीही बाजू आहे: आमच्या करांवर तुमचा दवाखाना चालतो, तुमच्या सोळाशे माणसांना एक खासदार आणि आमच्या सहा हजारांना एक, शिवाय तुम्हाला परिषद, शिवाय तुम्हाला सिनेटर, आणि आम्ही तुमच्या बेटावर घर बांधायचं म्हटलं तर आम्ही परके. एकाच देशात हे कसं? मी सेंट जॉन्समध्ये राहत असतो तर मलाही हा प्रश्न पडला असता.

पण त्याचं उत्तर एका डॉलरच्या विक्रीत नाही. एक डॉलर देऊन मिळालेली मालकी दुसऱ्या दिवशी विकताही येते, आणि किनाऱ्याच्या जागेला एका डॉलरहून बराच जास्त भाव देणारे लोक वादळाच्या आधीपासून रांगेत होते. वैयक्तिक मालकी चांगली की सामायिक, यावर बार्बुडातसुद्धा एकमत नसेल. प्रश्न ठरवायचा कुणी, हा आहे. एकदा विकलेली सामायिक जमीन पुढच्या निवडणुकीत परत येत नाही. अशा निर्णयाला सतरापैकी सोळा बाहेरच्यांचं बहुमत पुरतं असं मानणं, म्हणजे एकत्र कुटुंबातल्या मोठ्या भावानं धाकट्याचा वाटा मतदानानं विकण्यासारखं आहे.

कोर्टानं काय म्हटलं? या देशाचं शेवटचं न्यायालय अजूनही लंडनची प्रिव्ही कौन्सिल आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात जनमत घेतलं तेव्हा लोकांनी ते बदलायला नकार दिला. बार्बुडाचं प्रकरण तिथे गेलं, आणि २०२२ मध्ये निकाल आला तो बार्बुडाच्या विरोधात. २००७ च्या कायद्यानं दिलेला सामायिक हक्क हा संविधानानं संरक्षण दिलेल्या मालमत्तेच्या हक्कात बसत नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं. कायदेशीर अंगानं हा निकाल मला अनपेक्षित वाटला नाही. कायद्यानं दिलेलं कायद्यानं काढून घेता येतं, हे वकिलीचं पहिलं पान. चूक न्यायाधीशांची नव्हती. १९८१ मध्ये पेटी निवडताना झाली होती.

आता परिषदेविषयी. तिला आदर्श ठरवून हा लेख लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. बेटावरची सगळ्यात मोठी नोकरी देणारी संस्था परिषदच. निवडणूक दर दोन वर्षांनी, मतदार हजाराच्या आसपास, नात्यागोत्यातले, आणि नोकऱ्या वाटायचा अधिकार निवडून आलेल्यांकडे. यातून काय होतं ते सांगायला कॅरिबियनपर्यंत जायला नको. पगार थकतात, मग सेंट जॉन्सकडे हात पसरावा लागतो, आणि सेंट जॉन्सला दोर ओढायची संधी मिळते. परिषदेचं स्वतःचं असं मोठं उत्पन्न बराच काळ कशाचं होतं? वाळूचं. पाल्मेट्टो पॉइंटच्या टेकड्या खणून वाळू बाहेर विकायची आणि पगार भागवायचे. जमीन आमची सगळ्यांची म्हणणाऱ्या बेटानं आपलीच जमीन डंपरनं भरून बोटीत चढवली. वाळूउपशावर चालणाऱ्या कारभाराच्या नीतीविषयी मराठी वाचकापुढे मी वेगळं काय लिहू. पण म्हणून परिषदच नको असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं, की ज्या संस्थेला कामांची यादी लांबलचक दिली आणि उत्पन्नाचा खात्रीचा वाटा दिलाच नाही, ती घरातली भांडी विकणारच.

पैशाच्या बाबतीत टोबॅगोकडून शिकण्यासारखं आहे. त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये धाकट्या बेटाला १९८० पासून स्वतःची प्रतिनिधी सभा आहे. तिला देशाच्या अर्थसंकल्पातला किती वाटा द्यायचा यावर वाद झाला तेव्हा लवादानं आकडा ठरवून दिला: किमान ४.०३ टक्के. हा वाटा पुरेसा नाही म्हणून टोबॅगोचे लोक कुरकुरतात. तरी दर वर्षी अर्थमंत्र्याचा चेहरा पाहावा लागत नाही, ही मोठी गोष्ट.

नेव्हिसनं दुसरीच वाट धरली. सेंट किट्स आणि नेव्हिसच्या १९८३ च्या संविधानात बाहेर पडायचा दरवाजाच ठेवला आहे: नेव्हिसच्या सभेत दोनतृतीयांश आणि नंतर जनमतात दोनतृतीयांश. १० ऑगस्ट १९९८ ला जनमत झालं, सुमारे ६२ टक्के लोक वेगळं व्हायच्या बाजूनं निघाले, दोनतृतीयांशाला थोडे कमी पडले. नेव्हिस राहिला. पण तेव्हापासून राजधानी बास्तेरला ठाऊक आहे की दरवाजा खरा आहे, आणि बोलण्याचा सूर त्यानं बदलतो. नेव्हिसची वस्ती बारा हजारांच्या घरात असल्यानं त्याला ही धमकी देता येते. सोळाशेंच्या बार्बुडाला वेगळा देश व्हायची भाषा पेलणारी नाही, आणि ती सेंट जॉन्समध्ये कुणी गांभीर्यानं घेतही नाही.

आणि नुसतं संविधानात नाव आलं म्हणजे झालं असंही नाही. ग्रेनाडाच्या संविधानात १०७ वं कलम आहे, कॅरिअकू आणि पेटिट मार्टिनिक या दोन बेटांसाठी परिषद असेल असं सांगणारं. शब्द जवळजवळ बार्बुडाच्याच कलमासारखे. देशाला स्वातंत्र्य मिळालं १९७४ मध्ये, आणि ती परिषद अजून जन्माला यायची आहे. या बेटांचं काम पाहायला केंद्र सरकारचं मंत्रालय आहे. एका देशात कलम जिवंत, दुसऱ्यात मेलेलं, कारण बार्बुडात परिषद आधी होती आणि कलम नंतर आलं. जी गोष्ट लोक आधीच वापरत होते ती काढून घेणं अवघड जातं.

मला यातून जे दिसतं ते असं, की लहान देशात स्थानिक शासनाचा वाद कार्यक्षमतेवर घालणं हीच मूळ गफलत आहे. कार्यक्षमतेवर घातला तर केंद्र दर वेळी जिंकणार. एक लाखाच्या देशात सहा परिषदांपेक्षा एक सार्वजनिक बांधकाम खातं स्वस्तच पडतं, बार्बाडोसचा हिशोब चूक नव्हता. स्थानिक संस्था लागते ती संमती मागायला कुणाचं तरी दार असावं म्हणून. बार्बुडाच्या १२३ व्या कलमात ते दार आहे, पण ते परिषदेच्या स्वतःच्या रचनेपुरतं. सदस्य किती, मुदत किती, यात बदल करायला परिषदेला विचारावं लागतं, आणि बेटाची जमीन दोन शतकांकरता कुणाला द्यायची ते विचारावं लागत नाही. कुणीही साधा माणूस यांतली कुठली गोष्ट जास्त मोठी म्हणेल?

म्हणून माझ्या मते त्या कलमात एकाच गोष्टीची भर हवी: बार्बुडाच्या जमिनीचा हक्क बदलणारा कुठलाही कायदा, मग तो कुठल्याही नावानं येवो, परिषदेच्या ठरावाशिवाय आणि बेटावरच्या मतदानाशिवाय मंजूर धरू नये. परिषदेचा ठराव एकटा पुरणार नाही. अकरा माणसांना फितवणं, किंवा थकलेल्या पगाराच्या मोबदल्यात वाकवणं, फार अवघड नसतं. हजार मतदारांचं तसं करता येईल, पण खर्च जास्त येतो आणि लपत नाही. आणि सेंट जॉन्समध्ये राहणाऱ्या माणसाची तक्रार खरी मानायची असेल तर उपाय बार्बुडाचं काढून घेण्यात नाही. सेंट फिलिपच्या किनाऱ्यावर उद्या असाच एखादा प्रकल्प आला तर तिथल्या लोकांनी कुणाचं दार ठोठवायचं? त्यांच्याकडे तर परिषदच नाही, एक खासदार आहे, आणि तो मंत्रिमंडळात बसलेला असतो. तेव्हा त्या सहा पॅरिशच्या रेषा नकाशावर आहेतच, त्यांत माणसं बसवून पाहायला हरकत नव्हती. ही सूचना अँटिग्वातल्या कुठल्याच पक्षाला आवडणार नाही याची मला कल्पना आहे. मंत्र्याला आपल्या मतदारसंघात आपणच नगरसेवक असणं फार सोयीचं असतं.

दरम्यान बार्बुडात विमानतळ झाला. इर्मानंतर बेट अजून नीट भरलेलंही नव्हतं तेव्हा त्याच्यासाठी झाडी साफ करायला यंत्रं लागली. सागरी जीवशास्त्रज्ञ जॉन मसिंग्टन, जे पुढे परिषदेचे अध्यक्ष झाले, आणि जॅकलिन फ्रँक यांनी विकास परवानग्या नियमानुसार दिल्या का, असा दावा लावला. त्यांना या कामाला आव्हान द्यायचा अधिकारच पोचत नाही, असं खालच्या पायरीवर ठरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की पोचतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं. धावपट्टी खासगी जेट उतरतील एवढी लांब आहे. कॉड्रिंग्टनचे लोक अँटिग्वाला जायला अजूनही बहुधा बोटच धरतात, दीड तासाची.